प्रतिपाद्य विधान

निबंध, प्रबंध किंवा शोधलेख यांतून जे सिद्ध करावयाचे असते, ते एकदोन वाक्यांत निःसंदिग्धपणे मांडणारे विधान. न्यायदर्शनातील पंचावयवी वाक्याचा पहिला अवयव जी ‘प्रतिज्ञा’, तिच्याशी याचे निकटचे साम्य आहे. प्रतिज्ञेमागोमाग जसा हेतू व उदाहरण द्यावे लागते, तसा प्रतिपाद्य विधानामागे पुरावा उभा करावा लागतो.

विद्यार्थी पुष्कळदा विषय आणि प्रतिपाद्य यांत गल्लत करतात. उदा., मावळ तालुक्यातील लोणावळ्याजवळची कार्ले येथील बौद्ध लेणी हा झाला विषय. ‘कार्ल्यास मोठे चैत्यगृह आहे’, ही केवळ माहिती होय. ‘ते सुंदर आहे’, हा अभिरुचीचा निर्वाळा. ‘हे चैत्यगृह मुख्यत्वे व्यापाऱ्यांच्या दानातून उभे राहिले’, हे मात्र प्रतिपाद्य विधान ठरते. कारण राजाश्रयाचा पक्ष घेऊन त्याला विरोध करता येतो आणि तेथील ब्राह्मी लेखांच्या आधारे त्याची परीक्षाही होऊ शकते.

ही परीक्षा विद्यार्थ्यांकडूनच करवून घेणे, हा अध्यापनाचा गाभा आहे. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आणि धेनुकाकटचा गांधिक (सुगंधी द्रव्यांचा विक्रेता) सिंहदत्त यांचे लेख विधानाला पुष्टी देतात. परंतु अनेक स्तंभांचे दाते धेनुकाकटचे यवन असून त्यांचा व्यवसाय लेखांत सांगितलेला नाही. बाहेरील सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणक याचे दान आहे. तर नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने येथील भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दिले. हा पुरावा ध्यानी घेता विधान असे सुधारावे लागते : ‘कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या निर्मितीत राजघराण्याबाहेरील दात्यांचा वाटा मोठा होता, भिक्षुसंघाच्या निर्वाहाला मात्र राजसत्तेचाही आधार लाभला.’ ‘व्यापारी’ हा शब्द गळाल्याने विधानाची व्याप्ती बदलते, पण ते अधिक दृढ होते.

म्हणून प्रतिपाद्य विधान आरंभी तात्पुरते लिहावे व लेखन संपताना पुन्हा तपासावे, असे विद्यार्थ्यांना शिकविणे इष्ट ठरते. त्यावर मतभेद संभवतो काय, प्रत्येक शब्दामागे पुरावा आहे काय आणि लेखाच्या मर्यादेत ते सिद्ध होईल काय, हे तीन प्रश्न त्यासाठी उपयोगी पडतात. प्रतिकूल पुरावा लपवून राखलेले विधान आग्रहच राहते. त्याला सामोरे जाऊन टिकलेले विधान ज्ञानात भर घालते.