१, ५, ४, ३, २ : जपानी मुलांचा इंग्रजीचा गृहपाठ

खाली सात इंग्रजी शब्द विस्कटून ठेवले आहेत. ते नीट लावून वाक्य तयार करा : शॉप, अ, आय, अ‍ॅट, बॉट, बुक, द.

जमले ना? जपानमधील शाळकरी मुले असले प्रश्न वर्षानुवर्षे सोडवीत असतात. शब्द विस्कटून द्यायचे आणि त्यांचे वाक्य करायला सांगायचे, हा तिथल्या इंग्रजीच्या गृहपाठातील अगदी ठरलेला प्रकार आहे. २०२० पासून तिथे पाचवीपासूनच इंग्रजी हा रीतसर विषय झाला. नववीनंतर वरच्या शाळेत जायचे तर बहुतेकांना प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, आणि तीत इंग्रजी असते. त्यामुळे संध्याकाळी ‘जुकु’त, म्हणजे खाजगी शिकवणीच्या वर्गात, किंवा घरी मोठ्या भावंडापुढे वही उघडून मुले विचारतात, “हे का चुकले?” मदत करणारा बहुधा चुकलेला शब्द खोडतो, बरोबर शब्द लिहितो आणि मोकळा होतो. चार दिवसांनी तीच चूक वहीत पुन्हा हजर! मग मुलाला वाटू लागते, आपल्या डोक्यातच काही कमी आहे.

वास्तविक तसे काही नसते. चूक कुठून आली हे शोधले, तर तिच्यामागे बहुधा एक अगदी शिस्तीचे जपानी वाक्य उभे असते. तेच आता पाहू.

वरचे वाक्य जपानी मुलगा आपल्या भाषेत असे म्हणेल : “वाताशी वा मिसे दे होन ओ कात्ता.” वाताशी म्हणजे मी, मिसे म्हणजे दुकान, दे म्हणजे आपला ‘त’ किंवा ‘मध्ये’, होन म्हणजे पुस्तक आणि कात्ता म्हणजे विकत घेतले. ‘वा’ आणि ‘ओ’ हे दोन छोटे प्रत्यय सध्या बाजूला ठेवा. राहिले काय? मी – दुकान – त – पुस्तक – घेतले. अहो, हे तर मराठीच झाले!

आता या शब्दांना ओळीने १ ते ५ क्रमांक द्या आणि ते इंग्रजी वाक्यावर लिहा. आय १, बॉट ५, बुक ४, अ‍ॅट ३, शॉप २. पहिला शब्द जागच्या जागी राहिला आणि बाकीचे वाक्य शेपटाकडून उलटे झाले. जपानी मुलाने “आय शॉप अ‍ॅट बुक बॉट” असे लिहिले, तर त्याने शब्द वाटेल तसे फेकलेले नाहीत. त्याने ते आपल्या क्रमाने, एकही जागा न चुकता, लावले आहेत.

हे क्रमांक घालण्याची युक्ती मी शोधलेली नाही बरे का! ती जपानात फार जुनी आहे. एक हजाराहून अधिक वर्षे जपानी विद्वान चिनी ग्रंथ वाचत आले. चिनी वाक्यातही क्रियापद कर्माच्या आधी येते. म्हणून ते चिनी अक्षरांच्या बाजूला बारीक खुणा करीत : इथे एक अक्षर मागे फिरा, इथे ‘एक’ची खूण आहे ती आधी वाचा, मग ‘दोन’च्या खुणेकडे परत या. समोर मजकूर चिनी, पण तोंडातून वाक्य जपानी! पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजी पुस्तके आली, तेव्हा हीच सवय कामी आली आणि इंग्रजी शब्दांवर क्रमांक छापलेली पाठ्यपुस्तके निघाली.

ही युक्ती कागदावर छान चालते, पण कानाला तिचा काहीच उपयोग नाही. कुणी बोलत असताना शेवटच्या शब्दापर्यंत थांबून मागे फिरायचे म्हटले, तर तोवर बोलणारा पुढच्या वाक्यात गेलेला असतो. हॅरल्ड पामर हे इंग्रज भाषाशिक्षक १९२२ मध्ये जपानच्या शिक्षण खात्याचे सल्लागार म्हणून तिथे गेले. आधी ऐका आणि बोला, वाचणे-लिहिणे त्यावर उभे करा, असा त्यांचा आग्रह होता. परंतु परीक्षा कागदावरची असल्यामुळे शब्द मागे-पुढे फिरवून वाचण्याची सवय त्यानंतरही पुष्कळ वर्षे टिकली.

पण हे उलटेपण येते कुठून? जोसेफ ग्रीनबर्ग या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये जगातील तीस भाषा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. त्यांत जपानी होती, आणि आपल्या हिंदी व कन्नडही होत्या. त्याला आढळले की ज्या भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यांत ‘वर’, ‘मध्ये’, ‘हून’ यांसारखे शब्दही बहुधा नामाच्या नंतर येतात. म्हणजे या दोन निराळ्या खोड्या नव्हेत, त्या जोडीने राहतात. अपवाद आहेत. फारसीत क्रियापद शेवटी येते, पण ‘मध्ये’ हा शब्द नामाच्या आधी येतो. तरी एकंदर कल स्पष्ट आहे. इंग्रजीत क्रियापद आधी आणि कर्म मागून, तसेच ‘अ‍ॅट’ आधी आणि ‘शॉप’ मागून. जपानीत आणि मराठीत दोन्ही जोड्या उलट. म्हणूनच क्रमांक असे सरळ उलटे उतरले.

आता बाजूला ठेवलेल्या ‘वा’कडे येऊ. हा फार मजेदार प्रत्यय आहे. त्याचा अर्थ साधारण ‘च्याबद्दल म्हणाल तर’ असा होतो. तो लागला म्हणजे तो शब्द वाक्याचा कर्ता झालाच असे नाही. जपानी माणूस म्हणतो, “झो वा हाना गा नागाई”, हत्तीबद्दल म्हणाल तर नाक लांब. (जपानीत सोंडेलाही नाकच म्हणतात.) यात कर्ता कोण, हत्ती की नाक? आकिरा मिकामी यांनी १९६० मध्ये या वाक्याचेच नाव देऊन जपानी व्याकरणावर एक पुस्तक लिहिले. पाश्चात्त्य व्याकरणातील ‘कर्ता’ ही कल्पना जपानीवर लादू नका, असे त्यांचे म्हणणे होते. गंमत म्हणजे मिकामी पेशाने गणिताचे शिक्षक!

खाणावळीत जपानी मुलगा सहज म्हणतो, “बोकू वा उनागी दा.” बोकू म्हणजे मी, उनागी म्हणजे वाम माशासारखा दिसणारा ईल मासा. अर्थ असा की माझ्याबद्दल म्हणाल तर ईल आणा. गृहपाठात मात्र तो लिहितो, “आय अ‍ॅम अ‍ॅन ईल”, मी ईल मासा आहे! हसू नका. आपल्याकडे वेटर “मिसळ कोण?” असे विचारतो आणि आपण खुशाल “मी” म्हणून हात वर करतो. इथे नुसते वाक्य खोडून भागत नाही. “ईल कोण खाणार? मग खाणाऱ्याला कर्ता कर”, असे विचारले की मुलाला वाट सापडते.

सगळ्यांत जास्त लाल शाई सांडते ती ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांवर. जपानीत उपपदे नाहीत, आणि नामाला अनेकवचनही सहसा होत नाही. “होन ओ कात्ता” म्हणजे एक पुस्तक घेतले, पुस्तके घेतली, ते पुस्तक घेतले की ती पुस्तके घेतली, हे प्रसंगावरून ओळखायचे. नेमकी संख्या सांगायची असेल, तर जपानीत आकड्याला वस्तूप्रमाणे शेपूट जोडतात : पुस्तकांना ‘सात्सु’, कागदांना ‘माइ’, पेन्सिलीसारख्या लांबट वस्तूंना ‘होन’. (पुस्तकाचा ‘होन’ तो हा नव्हे, उच्चार एक, अर्थ दोन.) आपण ‘तीन जण’ म्हणतो त्यातला ‘जण’ याच जातीचा. इतका बारकावा ज्यांच्या भाषेत आहे, त्यांना मोजता येत नाही असे कोण म्हणेल?

उपपदांसाठी मात्र एक चांगली पायवाट आहे. आपली गोष्ट कशी सुरू होते? “एका गावात एक म्हातारा होता. तो म्हातारा डोंगरावर गेला.” आधी ‘एक’, मग ‘तो’. ऐकणाऱ्याला म्हातारा आधी अनोळखी होता, आता ओळखीचा झाला. इंग्रजीत इथे आधी ‘अ’ येतो, मग ‘द’. जपानी गोष्टीत म्हातारा पहिल्यांदा येतो तो ‘गा’ हा प्रत्यय लावून, आणि दुसऱ्या वाक्यात त्याला ‘वा’ लागतो! म्हणजे अनोळखी आणि ओळखीचे हा भेद त्या मुलाच्या भाषेत आधीपासून आहे, फक्त तो नामाच्या पुढे नसून मागे बसला आहे. ही जोडी सगळीकडे लागू पडत नाही. सूर्याला पहिल्याच उल्लेखात ‘द’ का, हे तिच्यावरून सांगता येणार नाही. पण सुरुवात करायला ती पुरेशी आहे.

काही ठिकाणी असा आधार मिळतच नाही. ‘ही गोज’ मधला ‘ज’ घ्या. ‘जातो, जातोस, जातात’ म्हणणाऱ्या तुम्हाला क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते याचे नवल नाही. जपानी क्रियापद मात्र मी, तू, तो, ते या सगळ्यांना एकच. तिथे तो ‘ज’ सवयीने अंगवळणी पाडायचा, दुसरा उपाय नाही. हेही मुलाला मोकळेपणाने सांगितलेले बरे.

१९८७ पासून जपान सरकारच्या ‘जेट’ योजनेतून परदेशातील तरुण शाळांत साहाय्यक भाषाशिक्षक म्हणून येतात. त्यांतील इंग्रजी मातृभाषेच्या शिक्षकाला ‘अ’ चुकला हे कानाला तत्काळ कळते, पण का चुकला हे सांगताना तो पुष्कळदा अडखळतो. तुम्हाला कुणी विचारले, ‘टेबल’ नपुंसकलिंगी आणि ‘खुर्ची’ स्त्रीलिंगी का, तर तुम्ही काय सांगाल? जपानी शिक्षकाला त्या चुकीमागचे वाक्य दिसते, कारण लहानपणी त्यानेही तीच चूक केलेली असते. दोघे एका वर्गात असले, म्हणजे एकाचा कान आणि दुसऱ्याची आठवण दोन्ही कामाला येतात.

आता एक वाक्य तुमच्यासाठी : “भाऊ पुण्याहून येणाऱ्या गाडीने गेला.” जपानीत ते असे होईल : “आनी वा पुने कारा कुरु रेश्शा दे इत्ता.” भाऊ १, पुणे २, हून ३, येणाऱ्या ४, गाडी ५, ने ६, गेला ७. जपानी शब्दही बरोबर याच क्रमाने आहेत. आता याचे इंग्रजी करा, प्रत्येक शब्दावर त्याचा क्रमांक लिहा, आणि ओळ डावीकडून वाचून पहा.