हेल्मेट घेताना
भुवयांच्या वरून डोक्याचा घेर टेपने मोजा. हेल्मेट चढवून मान हलवा. गालांची कातडी त्याच्याबरोबर ओढली गेली, तर माप बरोबर. सैल हेल्मेटचा पट्टा कितीही आवळला तरी उपयोग नाही. आयएसआय खूण आणि ‘आयएस ४१५१’ हा मानक क्रमांक पाहाच. १ जून २०२१पासून त्याविना दुचाकीचे हेल्मेट विकणे बेकायदा आहे, तरी रस्त्याकडेला नुसत्या टोप्या विकल्या जातात! आतला थर्माकोलसारखा थर धक्का शोषताना दबतो, पुन्हा फुगत नाही. म्हणून अपघात झेललेले हेल्मेट बादच करा. रात्री आणि पावसात काच पारदर्शकच हवी. पेट्रोलने ती पुसू नका, तिच्या पॉलिकार्बोनेटला तडे जातात. साबणाचे पाणी पुरे. चरे पडलेल्या काचेत समोरच्या दिव्यांचा प्रकाश फाकतो. अशी काच लगेच बदला.