साबण, घरगुती धुण्याचा

तेल किंवा चरबी आणि तीव्र क्षार यांच्या विक्रियेने, कारखान्यातील यंत्रसामग्रीवाचून घरी तयार केलेला कपडे धुण्याचा साबण. या विक्रियेला साबणीकरण म्हणतात. तीत तेलातील ग्लिसराइडांचे विघटन होऊन वसाम्लांची सोडियम वा पोटॅशियम लवणे, म्हणजेच साबण, आणि ग्लिसरीन ही तयार होतात. कारखान्यात ग्लिसरीन बहुधा वेगळे काढतात. घरगुती साबणात ते तसेच राहते. धुण्याच्या पुडी मात्र बहुतेक साबण नसून संश्लिष्ट प्रक्षालके असतात. करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये अहमदाबाद येथे घरीच बनवून विकण्यास प्रारंभ केलेली ‘निरमा’ ही पूडही याच दुसऱ्या वर्गातील होय.

साबणाचा प्रसार होण्यापूर्वी महाराष्ट्रात धुण्यासाठी राखेचे पाणी, सज्जीखार, खारी माती आणि रिठे वापरीत. परीट कपडे खारात भिजवून भट्टीच्या वाफेवर ठेवीत व नंतर घाटावर आपटून धूत. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या पाण्यात सोडियम कार्बोनेट असल्याने तेथील खारालाही महत्त्व होते. रिठ्यातील सॅपोनीन हे द्रव्य साबणाहून वेगळे असून रेशमी व लोकरी कपड्यांना ते अधिक मानवते. साबणातील क्षाराने असे तंतू खराब होतात.

इंग्लंडमधील लीव्हर ब्रदर्सचा ‘सनलाइट’ साबण १८८८ मध्ये कलकत्त्यास उतरला व तयार वडीची सवय हळूहळू पसरली. पुढे १९३४ मध्ये वर्धा येथे स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या काळात या व्यवसायाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले गेले. महात्मा गांधींच्या ‘रचनात्मक कार्यक्रम’ (१९४१) या पुस्तिकेत ग्रामोद्योगांमध्ये साबणाचाही उल्लेख आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाने (स्थापना १९५७) अखाद्य तेले व साबण हा उद्योग आपल्या कक्षेत घेतला. खाण्याचे तेल साबणात घालू नये, रानात वाया जाणाऱ्या बियांचे घालावे, हा त्यामागील विचार होता.

नंदुरबार जिल्ह्यात (१ जुलै १९९८ पूर्वी धुळे जिल्ह्याचा भाग) हा विचार तपासून पाहण्याजोगा आहे. उत्तरेस अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील सातपुड्यात मोहाची झाडे विपुल आहेत. परंतु मोहाच्या बियांचे तेल आदिवासी कुटुंबांत खाण्यातही असल्याने त्यास सरसकट अखाद्य म्हणणे योग्य नव्हे. जुने, खवट झालेले तेल तेवढे साबणाला घ्यावे. त्यात मोकळी वसाम्ले वाढलेली असल्याने ते क्षाराशी लवकर मिळते. मोहाच्या तेलाचा साबण बऱ्यापैकी घट्ट होतो, पण फेस बेताचा देतो. फेसासाठी खोबरेल मिसळतात. करंजाचे तेल स्वस्त असले, तरी त्याचा रंग व उग्र वास साबणात उतरतो. एरंडेलाचा साबण पाण्यात सहज विरघळतो. ते थोडेच घालावे.

क्षाराचे प्रमाण हा या कृतीचा गाभा आहे. १ ग्रॅ. खोबरेलास सुमारे ०.१८ ग्रॅ., तर मोहाच्या तेलास सुमारे ०.१३५ ग्रॅ. कॉस्टिक सोडा लागतो. ७०० ग्रॅ. मोहाचे तेल आणि ३०० ग्रॅ. खोबरेल घेतल्यास हिशेबाने सुमारे १५० ग्रॅ. होतो, प्रत्यक्षात १४५ ग्रॅ. घेऊन थोडे तेल शिल्लक ठेवतात, म्हणजे मोकळा क्षार हाताला बाधत नाही. हे वजन काट्यावरच करावे, वाटीने मोजू नये. कॉस्टिक सोडा सुमारे ३५० मिलि. पाण्यात सावकाश टाकतात. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. उष्णतेने ते उसळून अंगावर येते. ॲल्युमिनियमचे भांडे या द्रावणाने खाल्ले जाऊन हायड्रोजन वायू निघतो, म्हणून पोलादी भांडे घ्यावे. डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे हवेत आणि मुले जवळपास नसावीत. द्रावण व तेल कोमट असताना एकत्र करून मिश्रण दाट होईपर्यंत ढवळतात आणि साच्यात ओततात. दुसऱ्या दिवशी वड्या पाडून चार ते सहा आठवडे हवेशीर जागी सुकवितात.

राखेपासूनही साबण करता येतो. राखेच्या निवळीत मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असते. ते सौम्य असल्याने विरी गेलेल्या चुन्याबरोबर उकळून तीव्र करावे लागते. खानदेशात केळीच्या खुंटांची राख यासाठी उपयोगी पडण्यासारखी आहे. हा साबण मऊच राहतो.

चांगल्या साबणानेही कपडे मळकट दिसू लागतात, याचे कारण बहुधा पाण्यात असते. रनाळ्यासारख्या नंदुरबार तालुक्यातील सपाटीवरच्या गावांखाली काळा बेसाल्ट आहे व अशा खडकातील विहिरींचे पाणी पुष्कळदा दुष्फेन, लोकभाषेत जड, असते. त्यातील कॅल्शियमाशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका बनतो व तो कापडात बसतो. लिटरमागे ३०० मिग्रॅ. दुष्फेनता असेल, तर फेस येण्यापूर्वीच लिटरमागे सुमारे १.८ ग्रॅ. साबण वाया जातो. २० लिटरांच्या बादलीत ३६ ग्रॅ. हेच कॅल्शियम काढण्यास बादलीला निर्जल धुण्याचा सोडा सुमारे ६.५ ग्रॅ. पुरतो. म्हणून सोडा आधी पाण्यात विरघळवून साका खाली बसू द्यावा, निवळलेले पाणी घ्यावे व मगच साबण लावावा. उलट क्रमाने केल्यास सोडा व साबण दोन्ही खर्ची पडतात. साठविलेल्या पावसाच्या पाण्याला याची गरज नसते.

धुण्याचे सांडपाणी परसातील झाडांना सोडण्याची चाल आहे. साबण स्वतः जमिनीत कुजून जातो. सोडियम मात्र उरते. काळ्या चिकणमातीत ते साचत गेल्यास मातीची कणरचना मोडते, पाणी मुरेनासे होते आणि जमीन चोपण बनते. त्यामुळे एकाच आळ्यात रोज हे पाणी न ओतता जागा बदलावी. राखेच्या साबणाच्या पाण्यात सोडियमाऐवजी पोटॅशियम असल्याने त्यात हा दोष कमी असतो.