साडेसात हजार गाड्या भरून ‘जन्मजात गुन्हेगार’

आधी एक आकडा घ्या : १ कोटी ३० लाख. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, तेव्हा एवढी माणसं कायद्याच्या लेखी जन्मानेच गुन्हेगार होती! इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने १२७ जमातींवर तो शिक्का मारला होता. तान्ह्या बाळावरसुद्धा.

१ कोटी ३० लाख म्हणजे किती? २०११ च्या जनगणनेतलं उज्जैन शहर घ्या, साधारण पाच लाख पंधरा हजारांचं. अशी पंचवीस उज्जैनं! ही सगळी माणसं रेल्वेत बसवू. चोवीस डब्यांची गाडी, डब्यात बहात्तर जण. गाड्या लागतील साडेसात हजार. एकामागे एक जोडल्या तर रांग चार हजार किलोमीटरच्या पुढे. मुंबई-पुणे अंतर वीसदा भरून वर उरेल!

३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. शिक्का गेला? मध्य प्रदेशच्या १९८७ च्या तुरुंग नियमावलीत विमुक्त, म्हणजे या कायद्यातून सुटलेल्या, जमातीच्या कैद्याला, सरकारच्या मर्जीवर, सराईत गुन्हेगार ठरवायची सोय होती. सर्वोच्च न्यायालयाने असले नियम घटनाबाह्य ठरवले ३ ऑक्टोबर २०२४ ला. मधे गेले २६ हजारांहून जास्त दिवस. उज्जैनला क्षिप्राकाठी सहा सिंहस्थ होऊन गेले!

हॉवर्ड बेकर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच मांडलं होतं की गुन्हेगार कोण, हे कृत्याइतकंच शिक्का मारणारा हात ठरवतो. आपल्याकडे तो हात किती जणांवर पडतो पाहा. रेणके आयोगाच्या २००८ च्या अंदाजाने भटके-विमुक्त दहा कोटींवर. जवळजवळ अख्खा महाराष्ट्र!

आता कोटी सोडा, फक्त सहा माणसं घ्या. २००३ च्या जालना जिल्ह्यातल्या खून-बलात्कार प्रकरणात भटक्या जमातीचे सहा जण पकडले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्यांना खोटं गोवल्याचं म्हटलं. तोवर सोळा वर्षं गेली होती. सहा जणांची मिळून शहाण्णव वर्षं, पस्तीस हजार दिवस! भरपाई माणशी पाच लाख रुपये. भागाकार करून पाहा : त्यातल्या एका दिवसाचे साधारण ८५ रुपये.