भ्रमर, मधमाशी आणि वार्धक्य

कुंभकोणम्‌नजीक गोविंदपुरम् येथे नामसिद्धान्ताचे पुरस्कर्ते बोधेंद्र सरस्वती यांचे अधिष्ठान आहे. त्याच गावी विठ्ठल-रुक्मिणीचे मंदिरही आहे. तंजावरी भोसल्यांचे राज्य १६७६ ते १८५५ पर्यंत टिकले, आणि राज्य गेल्यावरही या प्रदेशाच्या भजनपद्धतीत मराठी अभंग राहिला. ईश्वराच्या चरणकमली लुब्ध झालेला मनोभ्रमर हा भक्तिकाव्याचा संकेत भाषेभाषेतून आढळतो. इंग्रजी भाषांतरात मात्र त्याच्या जागी बहुधा मधमाशी येऊन बसते. हे कितपत युक्त आहे, याचा निर्णय करण्यास प्राणिशास्त्राचे साहाय्य घेता येते.

ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातील, कोरडे लाकूड पोखरणारा पण कोवळ्या कळीत सापडणारा भ्रमर म्हणजे भुंगा होय. तो एकाकी व रसलोलुप. मधमाशी, मग ती आग्या असो, सातेरी असो वा फुलोरी, ही समूहाची चाकर. आणि कामकरी माशी तर मादी. तिच्या वार्धक्याचा हिशेबही निराळा आहे.

कामकरी माशी प्रथम पोळ्यात राहून अळ्यांचे संगोपन करते. सुमारे तीन आठवड्यांनंतर ती मकरंद आणावयास बाहेर पडते आणि ऐन हंगामात पाच-सहा आठवड्यांची होऊन मरते. राणीमाशी तशाच अंड्यातून जन्मूनही काही वर्षे जगते. उड्डाणास लागणारी ऊर्जा शर्करेपासून मिळते. पेशीतील तंतुकणिका ती मुक्त करतात, आणि हाताशी असावा असा साठा ग्लायकोजेनच्या रूपाने उड्डाणस्नायूंत असतो. १९८२ साली नॉयकिर्श यांनी युरोपीय मधमाशीविषयी असे दाखविले की, दिवस कितीही लागोत, एकूण सुमारे ८०० किलोमीटर उड्डाण झाले की तिचे आयुष्य सरते. कारण शर्करेचे ग्लायकोजेन करणारी यंत्रणाच ढासळते. पोळे मधाने भरलेले, पण स्नायूंची कोठी रिकामी, अशी ही अवस्था. शिवाय बाहेर हिंडणाऱ्या माशीच्या शरीरातील व्हायटेलोजेनिन हे संरक्षक प्रथिन घटते. उलटपक्षी, पोळ्यात संगोपनास कोणी उरले नाही तर काही वयस्क माश्या ते काम पुन्हा पत्करतात, आणि हे प्रथिन पुन्हा वाढते.

तात्पर्य, मधमाशीचे वय केवळ दिवसांनी नव्हे, कामाने मोजावे लागते. भ्रमराची प्रतिमा आसक्तीची, तर मधमाशीची झिजण्याची. मराठीत ती चंदनाच्या शेजारी शोभेल. एकीच्या जागी दुसरी आली की अभंगातील लुब्धता लोपते आणि तेथे कष्टाळूपणा येतो. भाषांतरकाराने म्हणून भुंग्याला भुंगाच राहू द्यावे.