उकुलेलेच्या साथीने क्षमायाचना

जून २०२३ मध्ये कॉलीन बॅलिंजर या अमेरिकी यूट्यूब कलावतीने सुमारे दहा मिनिटांची एक चित्रफीत प्रसिद्ध केली. अल्पवयीन चाहत्यांशी अनुचित वर्तन केल्याचे आरोप तिच्यावर झाले होते आणि लोक उत्तराची वाट पाहत होते. बाई हाती उकुलेले हे छोटेखानी तंतुवाद्य घेऊन बसल्या आणि आपली बाजू चक्क गाऊन मांडू लागल्या! सल्लागारांनी बोलण्यास मनाई केली आहे, गाण्यास नाही, असा त्यांचा युक्तिवाद. गीताचा बराचसा भाग आरोपकर्त्यांना अफवाखोर ठरवण्यातच खर्ची पडला.

मग काय विचारता! समाजमाध्यमांवर जो तो उकुलेले घेऊन किरकोळ अपराधांची क्षमा मागू लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती चित्रफीत लाजिरवाणी होती, हे बाईंनी स्वतः मान्य केले. विनोदाने आपले काम चोख बजावले म्हणायचे. मात्र त्या हास्यकल्लोळात वाद्यच लक्षात राहिले, तक्रार करणारी मुले मागे पडली.

सप्टेंबर २०२३ मध्ये अ‍ॅश्टन कचर आणि मिला कुनिस या अभिनेता दांपत्याचीही अशीच थट्टा झाली. बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या सहकलाकारासाठी त्यांनी न्यायाधीशांना शिफारसपत्रे लिहिली होती. पत्रांमुळे झालेल्या वेदनेची जाणीव आहे, असे ते चित्रफितीत म्हणाले. ती पत्रे केवळ न्यायाधीशांसाठी होती, हेही सांगून टाकले. जणू पत्रे उघड झाली, हीच खरी अडचण.

बँकेच्या कर्जविभागात थकबाकीदारांची पत्रे वाचण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. 'हप्ता राहून गेला' असे त्यांत हमखास असे. 'मी हप्ता भरला नाही' असे क्वचितच. आपली मराठीही मोठी सोयीची आहे. 'चूक झाली' म्हटले की कर्ता वाक्यातून अलगद निसटतो.

'मिच्छामि दुक्कडम्' या आपल्या प्राकृत वचनात मात्र तशी पळवाट नाही. माझे दुष्कृत मिथ्या होवो, असा त्याचा अर्थ. 'माझे' हा शब्द वगळताच येत नाही. आता संवत्सरीच्या दिवशी तेच वचन सुरेख चित्रावर छापून एका स्पर्शासरशी साऱ्या यादीला रवाना होते. दुकानाच्या वाटणीवरून ज्याच्याशी बोलणे बंद आहे, त्या भावालाही ते पोहोचते. तोही तेच चित्र पुढे धाडतो.