झेगरचा गळा

क्रोएशियात डाल्मेशियाचा निळा किनारा सोडून आत गेलं की बुकोवित्सा नावाचा खडकाळ, कोरडा मुलूख लागतो. तिथं झर्मान्या नदीकाठी झेगर हे गाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथं सर्ब लोक राहत आले. सर्ब-क्रोएट युद्धात, ऑगस्ट १९९५ मध्ये, क्रोएशियन सैन्याच्या ‘वादळ’ मोहिमेनंतर या आणि आसपासच्या मुलखातून दीड-दोन लाख सर्बांनी ट्रॅक्टरवर संसार टाकून घरं सोडली. पुढे काही जण परतले, त्यांत म्हातारेच जास्त. ‘झेगर झिवी’, म्हणजे ‘झेगर जगतंय’, हा अल्बम या गावाच्या गळ्याचा आहे. तो ध्वनिमुद्रित केला इंग्लंडच्या अँड्र्यू क्रॉनशॉ या संगीतकारानं, आणि त्यामागे होती सर्बियाची गायिका स्वेतलाना स्पायिच.

या गाण्यात एक जण ओळ उचलतो. बाकीचे मागून येतात आणि मूळ सुराच्या अगदी कडेला, जेमतेम एका स्वराच्या अंतरावर आपला सूर रोवतात. मग कुणीच मागे सरत नाही. ‘सा’ला ‘रे’ भिडलेला, तोही पूर्ण ताकदीनं, श्वास संपेपर्यंत. मधूनच घसा असा हलवतात की स्वर फुटून थरथरतो. या धाटणीला ग्रोक्तालित्सा म्हणतात. याच मुलखातल्या क्रोएट लोकांचं ओयकान्ये तिचं सख्खं भावंड, आणि २०१० साली युनेस्कोनं ते ‘तातडीनं जपण्याच्या’ वारशाच्या यादीत घातलं. ज्या दोन समाजांत एवढं रक्त सांडलं, त्यांचा गळा एकच आहे, हे मला या सगळ्यात सर्वांत जास्त अस्वस्थ करतं.

आपल्या कानाला हे आधी बेसूर वाटेल. तानपुरा लावताना जोडीच्या तारा किंचित चुकल्या की आवाजात एक लहर येते आणि ती विरेपर्यंत आपण खुंटी पिळतो. झेगरचे गायक नेमकी तीच लहर शोधतात, तिला घट्ट करतात. त्यामागचं विज्ञान सरळ आहे. दोन आवाजांच्या कंपनांत सेकंदाला पंचवीस-तीसचा फरक पडला की कानाला दोन स्वच्छ स्वर ऐकू येत नाहीत, एक खरखरती थरथर ऐकू येते. ती दोघांपैकी कुणाच्याच गळ्यात नसते. दोघं गाताना मध्ये तयार होते. असं जमलेलं गाणं घंटेसारखं वाजतं, असं जुने गायक म्हणतात, आणि चार वेळा ऐकल्यावर आपल्यालाही ते पटतं.

सर्बियाच्या खेड्यांत असे सूर भिडवून गाण्याच्या जुन्या पद्धतीला ‘ना ग्लास’ म्हणतात. विसाव्या शतकात ‘ना बास’ ही नवी पद्धत पसरली. तिच्यात सूर एकमेकांपासून सुटे होतात आणि शेवट पंचमाच्या मोकळ्या अंतरावर होतो. ती गोड आहे, शिकायला सोपी आहे आणि म्हणूनच लग्नकार्यात तीच जास्त ऐकू येते. जुनी पद्धत उघड्यावरची: कापणीची, गुरांमागची, या टेकडीवरून त्या टेकडीला साद घालण्याची. तिला शब्द फारसे लागत नाहीत, दहा अक्षरांची एखादी ओळही पुरते. तिला लागतो तो शेजारी, वर्षानुवर्षं खांद्याला खांदा लावून गायलेला, कारण इतक्या कमी अंतरावर न ढळता उभं राहायला समोरचा कुठं श्वास घेणार हेही ठाऊक असावं लागतं. म्हणून गाव पांगलं की शब्द कागदावर उरतात, पण हा आवाज उरत नाही.

हे शब्द कागदावर आणले ते सर्ब भाषाभ्यासक वुक काराजिचनं: १८१४ मध्ये व्हिएन्नात त्यानं सर्ब लोकगीतांचं आपलं पहिलं पुस्तक छापलं आणि पुढं जर्मन कवी गटेपर्यंत सगळा युरोप त्या शब्दांवर लुब्ध झाला. वुकचं जन्मगाव त्र्शिच हे लोझ्नित्सा या शहराजवळ, आणि स्वेतलाना स्पायिच त्याच लोझ्नित्साची. ती मात्र मागे लागली ती आवाजाच्या. १९९३ साली बेलग्रेडमध्ये ‘मोबा’ हा स्त्रियांचा गानसमूह उभा राहिला, त्यात ती होती. शेजाऱ्याच्या शेतात सगळ्यांनी मिळून बिनमोबदला राबायचं, त्या चालीचं नाव मोबा. शहरातल्या शिकलेल्या मुलींनी खेड्यातल्या वृद्ध गायकांच्या शेजारी उभं राहून, त्यांच्याबरोबर गाऊनच ही विद्या घ्यायची, हा मार्ग मला योग्य वाटतो. स्वरलिपीत हे अर्धंही मावत नाही. २०११ मध्ये दिग्दर्शक रॉबर्ट विल्सननं कलाकार मरीना अब्रामोविचच्या आयुष्यावर मँचेस्टरमध्ये जे नाटक बसवलं, त्यात स्वेतलानाच्या स्वतःच्या गटाचा हाच गळा मोठ्या रंगमंचावर घुमला.

पण रंगमंचावरच्या सफाईपेक्षा मला झेगरच्या माणसांचं गाणं मोठं वाटतं. त्यांचे आवाज वयानं चरचरलेले आहेत, तरी सूर तसूभर हलत नाही. अल्बम मिळाला तर हेडफोन बाजूला ठेवा. खोलीत स्पीकरवर, आवाज चांगला मोठा करून ऐका. हे आवाज एकमेकांवर आदळायला मोकळी हवा लागते.